लॅबमधली स्वच्छ हवा कुणाला वाचवते?

आपल्या वस्त्यांतली पुष्कळ मुले-मुली आता डीएमएलटी करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये, बी.एस्सी. करून औषध कंपनीत, नाहीतर कंत्राटी हेल्पर म्हणून टिश्यू कल्चरच्या खोलीत कामाला लागली आहेत. तिथे समोरून उघड्या अशा काचेच्या पेट्यांत काम चालते. या पेट्या दोन जातीच्या असतात, दिसायला जवळपास सारख्या. त्यांतला फरक नोकरी करणाऱ्याला तर हवाच, पण त्याच्या आईवडिलांनाही ठाऊक असावा, असे माझे मत आहे.

पहिली लॅमिनार फ्लो. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफील्ड या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने १९६० च्या सुमारास ही युक्ती काढली. तोपर्यंत बंद खोलीतही हवा घुमत राही आणि उडालेली धूळ पुन्हा खाली बसे. त्याने गाळलेली हवा एकाच दिशेने, संथपणे सोडली आणि धूळ तिच्यासोबत वाहून गेली. यातली हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा शंभरात ९९.९७ अडवते. इंजेक्शने, लसी, जळगावकडची केळीची टिश्यू कल्चर रोपे अशाच हवेत तयार होतात. या खोलीत माणूस हाच घाणीचा मोठा उगम धरतात, मग तो मालक असो की सफाई कामगार. कण मोजणारे यंत्र आडनाव विचारत नाही. सोवळ्याचा हा एवढाच प्रकार मला मान्य आहे!

पण ही हवा मालाला वाचवते, कामगाराला नाही. आडव्या प्रवाहाच्या पेटीत तर ती सरळ समोर बसलेल्याच्या तोंडावर येते. केळीच्या रोपासाठी हे चालते. टीबीच्या थुंकीचे कल्चर तिथे केले, तर उडालेले सूक्ष्म थेंब थेट नाकात जातील. त्यासाठी दुसरी पेटी लागते, बायोसेफ्टी कॅबिनेट. ती समोरून हवा आत ओढते आणि गाळूनच बाहेर सोडते. ती महाग असते आणि दरवर्षी तपासून घ्यावी लागते. म्हणूनच ‘पेटी आहे ना, मग झाले’ हे उत्तर कुणी दिले तर ते ऐकून गप्प बसू नये.

पेटी चालू असताना तिच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरा. ती आपल्याकडे फडफडली, तर ती मालाची पेटी. रोग्याचा नमुना तिथे उघडायचा नाही. आत ओढली गेली तरी तपासणीच्या चिकटपट्टीवरची तारीख वाचा. मास्कचेही तसेच आहे. साधा सर्जिकल मास्क मुख्यतः आपल्या श्वासापासून मालाला जपतो. टीबीच्या कामाला एन-९५ लागतो, आणि तो मालकाने द्यायचा असतो, आपल्या पगारातून नव्हे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खाते सांभाळत होते. त्यांच्या लेकरांनी मालकाला हा प्रश्न विचारताना कचरू नये. एकट्याने विचारणे जड जात असेल, तर चौघांनी सही करून लेखी विचारा.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. तिथे आपण लॅबमध्ये काय हाताळतो, कोणत्या पेटीवर बसतो, हेही डॉक्टरांना सांगा.