चावी आपण दिली, मग अपघात कोणाचा?



आपल्याकडे, लोहारा-यवतमाळात, ड्रायव्हरशिवाय गाडी भाड्याने घ्यायची चाल आता चांगलीच रुळली आहे. शिरपूर, मुक्तागिरी, भद्रावतीला दर्शनाला जायचं असो की नागपूरला लग्नाला, मुलं चावी घेऊन येतात आणि स्वतःच चालवतात. सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या गाडीने रस्त्यावरच्या कुणाला उडवलं, तर भरपाई कोणी द्यायची? चालवणाऱ्याने, की गाडी देणाऱ्या कंपनीने?

माझं मत असं की ज्याला लागलं त्याला पैसे आधी गाडी देणाऱ्याने आणि त्याच्या विम्याने द्यावेत. गिऱ्हाइकाकडून काय वसूल करायचं ते त्यांनी नंतर बघावं. सायकलवरून एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाने त्या गिऱ्हाइकाला निवडलेलं नसतं. लायसन्स बघून किंवा न बघताच चावी हातात ठेवणारी कंपनी असते, आणि भाडंही तिनेच घेतलेलं असतं.

कंपनीवाले म्हणतात, आम्ही काय शेजारी बसून ब्रेक दाबणार? म्हणणं अगदीच खोटं नाही. अमेरिकेत 2005 साली ग्रेव्हज दुरुस्ती नावाचा कायदा झाला, त्यात हेच मान्य केलं आहे. कंपनीची स्वतःची चूक नसेल, तर केवळ मालक म्हणून तिला जबाबदार धरता येत नाही. पण "स्वतःची चूक" हे शब्द किती मोठे आहेत बघा. 2004 मध्ये कॅलिफोर्नियात दोन तरुण बहिणी भाड्याच्या गाडीत गेल्या. त्या मॉडेलमध्ये आगीचा धोका आहे, गाड्या दुरुस्तीला परत पाठवा, अशी सूचना उत्पादकाने आधीच काढली होती, आणि तरीही कंपनीने ती गाडी दुरुस्त न करता भाड्याने दिली. कंपनीने शेवटी चूक कबूल केली आणि 2010 मध्ये ज्युरीने दीड कोटी डॉलरची भरपाई ठरवली. त्या मुलींची आई पुढेही लढत राहिली आणि 2015 मध्ये अशा गाड्या भाड्याने देण्यावर बंदी आणणारा कायदा त्या दोघींच्या नावाने झाला.

आपल्याकडे कायदा मालकाला इतक्या सहज सोडत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गाडी कर्जावर असेल तर बँक मालक ठरत नाही, गाडी करारानुसार ज्याच्या ताब्यात आहे तो ठरतो. 2018 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर असंही म्हटलं की गाडी हातोहात विकली गेली असली, तरी आरसी बुकावर ज्याचं नाव उरलं आहे तोच भरपाईला जबाबदार. कलम 164 मध्ये चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत, आणि ते द्यायचे मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने.

आता हे मी आपल्याला का सांगते आहे? कारण आपल्या कितीतरी घरांत गाडी आपल्या नावावर असते. हिशेबाची सोय म्हणून, हौस म्हणून, नाहीतर लक्ष्मीच्या नावाने घेतली म्हणून. सही आपली असते, चावी मात्र घरातल्या पुरुषांकडे. त्यांनी ती गाडी "उभीच तर आहे" म्हणून भाड्याने लावली, तर न्यायाधिकरणाची नोटीस आपल्याच नावाने येईल.

पॉलिसी काढून वाचा. मी बी. कॉम. झालेली, त्यामुळे बारीक अक्षरं वाचायची मला खोड आहे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि भाड्याने देणं त्यात बसत नाही. अशा वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. कोर्टाने तिला जखमीला पैसे द्यायला लावले, तरी ते मालकाकडून वसूल करायची मुभा तिला मिळू शकते. मग काय मोडावं लागतं ते सांगायला नको. पांढऱ्या पाटीची घरची गाडी अशी फिरवणं मुळात नियमातही नाही. केंद्राच्या 1989 च्या रेंट अ कॅब योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्या लागतात, आणि त्यांना काळ्या पाटीवर पिवळे अंक असतात.

हे ऐकून एक जण मला म्हणाल्या, "काकू, पाप तर चालवणाऱ्याचं ना?" प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो, त्यात भाडी कम्म आहे. गाडे, बैल भाड्याने देऊन पोट भरणं. श्रावकाने टाळायचा धंदा म्हणून तो त्या यादीत बसला, तेव्हा मोटारी नव्हत्या. करणं, करवणं आणि अनुमोदन, हे तिन्ही आपण वेगळे मोजतो आणि तिन्हींचा दोष मानतो. अर्थात भाड्याने गाडी देणारा प्रत्येक जण पापी आहे असं मी म्हणत नाही. आपल्या समाजात ट्रॅव्हल्सचा व्यवसाय नेकीने करणारी घरं आहेत. रीतसर परवाना, पूर्ण विमा, लायसन्स नीट तपासणं आणि प्यायलेल्याला चावी न देणं, एवढं ती पाळतात.

आमच्या गल्लीतली एक सून गेल्या महिन्यात विचारायला आली होती. तिच्या नावावरची गाडी नवरा एका ॲपवर लावणार आहे. ॲपवाल्यांचा विमा असतो म्हणे. मी म्हटलं, "बाळा, तो विम्याचा कागद घेऊन ये, आपण दोघी बसून वाचू. त्यात गाडीच्या मालकाचं नाव कुठे आहे आणि रस्त्यावरच्या माणसाला किती मिळणार, एवढं बघायचं." कागद अजून आलेला नाही. गाडीही अजून दारातच आहे.