शरणागतीची रात्र पडद्यावर आणा

आयझेनश्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’चा (१९२५) शेवट आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रपटकला शिकत असताना पाहिला आहे. बंड केलेल्या जहाजासमोर झारचं आरमार येतं, तोफा वळतात, यंत्रं धडधडतात, खलाशांचे चेहरे ताणले जातात. आता गोळा सुटणार असं वाटत असतानाच ‘बंधूंनो!’ अशी साद येते आणि जहाज आरमारामधून सुखरूप निघून जातं. आरमाराने गोळी झाडली नाही, हे १९०५ साली खरंच घडलं. पण पुढे त्याच जहाजाला रुमानियात कॉन्स्टान्त्सा बंदरात शरण जावं लागलं. ते चित्रपटात नाही. दिग्दर्शकाने कात्री त्याआधीच चालवली.

खालापुरात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला, तेव्हापासून कर्जत-खालापूरच्या कितीतरी सुतार-रंगाऱ्यांचे हात सेटवर बसले आहेत. मुंबईतल्या भारतीय खलाशांच्या १९४६ च्या नाविक बंडाची पटकथा उद्या इथे आली, तर जहाज उभं राहील याची मला खात्री आहे. काळजी आहे ती शेवटाची.

१८ फेब्रुवारीला नौदलाच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या तळावर संप झाला. पोटेमकिनवर बंडाचं निमित्त सडकं मांस होतं, इथेही ठिणगी निकृष्ट जेवणाचीच. जहाजांवर काँग्रेसचा, मुस्लीम लीगचा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही बावटे एकत्र चढले. २१ तारखेला नौदलाच्या कॅसल बॅरॅक्सपाशी गोळीबार झाला. खलाशांच्या पाठिंब्यासाठी २२ ला गिरणगाव रस्त्यावर उतरला. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं गेली.

बावटे फडकत असताना चित्र थांबवण्याचा मोह लेखकाला होणारच. मला तो शेवट उसना वाटतो. आपल्या बंडातला खरा ताण २२ च्या रात्रीचा आहे. सरदार पटेलांनी शरण जायचा सल्ला दिला होता, सूडाची कारवाई होणार नाही असं आश्वासनही होतं. खलाशांच्या संप समितीची थकलेली पोरं रात्रभर वाद घालत राहिली आणि २३ च्या पहाटे त्यांनी ठरवलं: शरण जायचं, पण भारतापुढे, ब्रिटनपुढे नाही. आश्वासन पाळलं गेलं नाही. शेकडोंची नोकरी गेली आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही.

म्हणून कलादिग्दर्शकांनो, तोफांइतकीच मेहनत त्या बैठकीच्या खोलीवर घ्या. आणि संकलकांनो, परळचं दृश्य लांबी वाढते म्हणून कापू नका. ते गेलं, तर खोलीतली मुलं कुणाच्या रक्ताचा हिशेब मनात धरून मत देत आहेत, हे प्रेक्षकाला कळणार नाही.