एका तारेवर भार किती?

घरातील तरुण मोटारसायकलवरून दूरच्या प्रवासाला निघाला की आई शिदोरी बांधते, वडील पैशांचे विचारतात. वाहनाच्या विजेची चौकशी कोणी करीत नाही. परंतु बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरताना रात्री, धुक्यात दिवे मालवले तर?

धुक्याचे जादा दिवे, मोबाईलचा चार्जर, मुठी गरम ठेवणारे साधन, सारे मूळच्या एकाच तारेला जोडण्याची रीत सर्रास आढळते. हिशेब करून पाहा. दोन दिव्यांचे ४०, चार्जरचे २० व मुठींचे ३६, असे ९६ वॅट झाले. १२ व्होल्टने भागता ८ अँपिअर. मूळ दिव्यापुरती घातलेली बारीक तार या भाराने तापते, तिचे वेष्टन वितळते.

म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार घ्यावी व बॅटरीलगतच मुख्य फ्यूज बसवावा. पुढे रिले असावा. किल्ली फिरवताच तो प्रवाह सोडतो, किल्ली काढताच तोडतो, त्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी उतरत नाही. तेथून प्रत्येक साधनाला निराळी तार, निराळा फ्यूज. मग चार्जर बिघडला तरी दिवे विझत नाहीत.

फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच रजा देणे होय. शिवाय इंजिन जितकी वीज निर्माण करते, तिच्या आतच सारा खर्च बसला पाहिजे. संसाराचा हा नियम वाहनालाही चुकलेला नाही. शिदोरी बांधताना चिरंजीवांना एवढे अवश्य विचारावे.