चष्मा उन्हात काळा होतो, मग गाडीत का नाही?

नंबरचा चष्मा करायला गेले की दुकानात हमखास विचारले जाते, ‘डे-नाइट काच टाकायची का?’ थोडे जास्त पैसे मोजले की उन्हात गॉगल आणि घरात साधा चष्मा, असा दुहेरी फायदा सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. उरलेले अर्धे ग्राहकाला पैसे देण्याआधी कळायला हवे.

काच काळी कशी होते?

अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टुकी यांनी १९६०च्या दशकात अशी काच विकसित केली. तिच्यात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. अतिनील किरण पडले की त्यांतून चांदीचे कण तयार होतात आणि काच गडद दिसते. सावलीत ही क्रिया उलटते. आजच्या प्लास्टिक लेन्समध्ये चांदीऐवजी रंग बदलणारी रसायने असतात. अतिनील किरणांनी त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि ते उजेड शोषू लागतात.

म्हणजे ही लेन्स मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडावर नव्हे, तर न दिसणाऱ्या अतिनील किरणांवर चालते. खरी मेख इथेच आहे.

गॉगल कुठे कमी पडतो?

मोटारीची पुढची काच बहुतांश अतिनील किरण अडवते. त्यामुळे समोरून ऊन डोळ्यांवर येत असतानाही चालकाची लेन्स जवळपास पारदर्शकच राहते. गाडीतही थोड्या गडद होणाऱ्या लेन्स मिळतात, पण त्या वेगळ्या मागाव्या लागतात.

दुसरा अडसर तापमानाचा. थंडीत लेन्स अधिक गडद होते, उकाड्यात कमी. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात, जेव्हा गरज सर्वाधिक, तेव्हाच तिचा जोर उणावतो.

तिसरी गोष्ट वेळेची. लेन्स गडद व्हायला मिनिटभर पुरते, पण पुन्हा स्वच्छ व्हायला काही मिनिटे लागतात. भर उन्हातून जुन्या इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात शिरणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही काही मिनिटे पाय घसरायला पुरेशी असतात.

मग घ्यावी की नाही?

पायी फिरणाऱ्यांना, सतत आत-बाहेर करणाऱ्यांना ही लेन्स सोयीची आहे. दिवसभर गाडी चालवणाऱ्यांनी मात्र नंबरचा वेगळा गॉगल करावा. लेन्स काळी झाली नाही म्हणून संरक्षण थांबले, असेही नाही. चांगली लेन्स पारदर्शक असतानाही अतिनील किरण अडवते. काही वर्षांच्या वापरानंतर रंग बदलण्याची क्षमता मंदावते, हेही ध्यानात ठेवावे.

दुकानदाराने काच दाखवताना ‘काम काय करता, गाडी चालवता का?’ एवढे विचारले, तरी अनेकांचे पैसे वाचतील. त्याने विचारले नाही, तर ग्राहकाने आपणहून सांगावे.