तिपटीचा हिशेब
जर्मन पदार्थविज्ञानवेत्ता माक्स वीन याने १८९१ साली मांडलेल्या सेतूला ऑप-अँपची जोड देऊन त्यात १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर बसविले, म्हणजे सुमारे १.६ किलोहर्ट्‌झचा साइन तरंग घरच्या मेजावर उत्पन्न होतो खरा. परंतु तो निर्मळ राखणे हेच या उद्योगातील खरे कौशल्य होय. सेतूतून त्या कंप्रतेला तरंगाचा बरोबर एकतृतीयांश भाग परत येत असल्यामुळे विवर्धन तिपटीहून यत्किंचित उणे पडले तर आंदोलन विझते, आणि यत्किंचित अधिक झाले तर ते वीजपुरवठ्याच्या मर्यादेस भिडून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तरंगाचे माथे छाटल्यासारखे सपाट दिसू लागतात. म्हणूनच १९३९ साली स्टॅनफर्ड येथील आपल्या प्रबंधात विल्यम ह्यूलेट यांनी योजिलेला साधा दिवा मला या विद्येतील सर्वांत सुंदर तजवीज वाटते : तरंग वाढला की तंतू तापतो, त्याचा रोध चढतो आणि विवर्धन आपोआप उतरते. दिव्याऐवजी डायोडांची जोडी वापरली तर ती स्वस्त पडते, पण ती प्रत्येक आवर्तनाचा माथा थोडा दाबतेच. दिवा मात्र सावकाश तापत असल्याने आकाराला धक्का न लावता केवळ उंचीवर अंमल चालवितो, आणि कंप्रता फारच खाली नेली तरच तंतू आवर्तनागणिक तापू-निवू लागून विकृती पुन्हा डोके वर काढते.