मोटार विजेची, की सवलतीची?

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याने निघाले की शहराची गर्दी विरळ होत जाते आणि बख्शी का तालाब हा तालुका लागतो. हवाई दलाच्या केंद्रामुळे येथे देशभरातील कुटुंबे येतात, तीन-चार वर्षे राहतात आणि पुढल्या बदलीला निघून जातात. त्यांतील एका मराठी स्नेह्यांनी मला परवा विचारले, "एस.यू.व्ही. घ्यायची आहे. आई-वडील सांगलीला, पत्नीची नोकरी लखनौ शहरात. पेट्रोलची घेऊ की विजेची?" आणि मग संकोचून म्हणाले, "पेट्रोलची घेतली तर अपराध्यासारखे वाटते."

मला आक्षेप घ्यावयाचा आहे तो या अपराधभावनेवर. शासनाने स्वतःच्या धोरणाने सोडवावयाचा प्रश्न नागरिकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर ढकलून दिला की असेच होते.

प्रथम हिशेब पाहू. पेट्रोल लिटरला 95 रुपये आणि गाडीची धाव 13 किलोमीटर धरली, तर किलोमीटरला सुमारे 7 रुपये 30 पैसे पडतात. विजेची गाडी एका युनिटमध्ये 6 किलोमीटर जाते असे मानू. घरच्या मीटरवर युनिट 7 रुपयांना पडले, तर गळती धरूनही खर्च किलोमीटरला 1 रुपया 30 पैसे होतो. सार्वजनिक जलद चार्जरवर 20 रुपये मोजावे लागले, तर तोच 3 रुपये 30 पैशांवर जातो. दोन गाड्यांच्या किमतीत 4 लाखांचे अंतर आणि महिन्याला 1000 किलोमीटरचा प्रवास धरा. घरी चार्जिंग होत असेल तर हे अंतर साधारण साडेपाच वर्षांत भरून निघते. बाहेर करावे लागत असेल तर आठ वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि बहुतेक कंपन्यांची बॅटरीची हमी आठ वर्षांचीच असते.

म्हणजे गाडी तीच, माणूस तोच, आणि निर्णय फिरतो तो एका प्लगवर! ज्याच्या अंगणात मीटर आहे त्याने विजेची गाडी खुशाल घ्यावी. मी स्वतःही तोच सल्ला देईन. परंतु तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत किंवा सरकारी वसाहतीत राहणाऱ्यास देशभक्तीचे पाठ देण्याआधी त्याच्या वाहनतळावर मीटर कोण बसवणार, हे सांगावे. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्यास केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली. पण जिना उतरून वायर खाली कशी न्यावी, हे कागदावरच्या परवानगीने ठरत नाही.

आता कर पाहू. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरांहून लांब पेट्रोल मोटारीवर 40 टक्के जीएसटी आहे, तर छोट्या पेट्रोल मोटारीवर 18 टक्के. विजेच्या मोटारीवर मात्र किंमत कितीही असो, 5 टक्केच. त्याच दिवशी सायकलही 12 वरून 5 टक्क्यांवर आली. अर्थात पन्नास लाखांची विद्युत एस.यू.व्ही. आणि शाळकरी पोराची सायकल आज एकाच पंगतीला बसली आहेत. प्रोत्साहन द्यावे, पण ज्याला प्रोत्साहनाची गरजच नाही त्याच्या पानात ते का वाढावे? देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशापासून बनते. विद्युत मोटार एकंदरीत कमी प्रदूषण करते हे मान्य. पण हजरतगंजमधील धुराचा काही भाग सोनभद्रच्या औष्णिक केंद्रांकडे सरकतो, हेही विसरू नये.

बदलीच्या नोकरदाराची कुचंबणा तर वेगळीच. उत्तर प्रदेशाच्या 2022 च्या धोरणाने पहिल्या तीन वर्षांसाठी विद्युत वाहनांना पथकर पूर्ण माफ केला. चौथ्या-पाचव्या वर्षी ही माफी राज्यातच बनलेल्या वाहनांपुरती ठेवली. परंतु मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 47 प्रमाणे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवल्यास नवी नोंदणी घ्यावी लागते. तेथे त्या राज्याचे नियम लागतात. यावर तोडगा म्हणून 2021 मध्ये 'बीएच' क्रमांकाची मालिका आली. ती चांगली आहे. पण तिच्यात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 10 टक्के कर आणि विजेच्या गाडीला केवळ 2 टक्क्यांची सूट. एक राज्य कर पूर्ण माफ करते आणि केंद्राची मालिका दोन टक्क्यांवर थांबते! सवलत वाहनाला आहे की जिल्हा परिवहन कार्यालयाच्या पत्त्याला?

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, प्रत्येक सरकारी वसाहतीत वाहनतळावर स्वतंत्र मीटरची सोय. दुसरी, करसवलतीला किमतीची मर्यादा. तिसरी, एकदा मिळालेली सवलत वाहनाबरोबर राज्याची सीमा ओलांडू शकेल अशी तरतूद. यांतील एकाही गोष्टीस नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती केवळ प्रशासकीय इच्छाशक्ती.

स्नेह्यांना मी म्हटले, "क्वार्टरखाली मीटर मिळत असेल आणि पुढली बदली लांब असेल तर विजेची घ्या. नसेल तर छोटी पेट्रोल गाडी घ्या, सांगलीला पुष्पकने मुंबईमार्गे जा, आणि अपराधी मुळीच वाटून घेऊ नका. अपराध असलाच तर तो आमच्या फायलींत आहे."