धर्मशाळेच्या नावाची राजधानी

आपल्या होस्टेलवर 'फॉरेन'चा फ्लोचार्ट ठरलेला आहे. आधी जीआरई, मग एमएस, मग फॉरेन. किंवा आधी प्लेसमेंट, मग ऑनसाइट, मग फॉरेन. मधल्या कुठल्याही बॉक्समधून थेट शेवटच्या बॉक्समध्ये उडी मारायची सोय त्यात नाही. आमच्या तिघींचा फ्लोचार्ट मात्र डिसेंबरातल्या शेवटच्या पेपरच्या रात्री, मेसच्या गार भातासमोर बिघडला. माझी रूममेट (सिव्हिल) म्हणाली, "पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, पैसे नाहीत. अशा अवस्थेत कुठल्या देशाच्या राजधानीत जाता येतं?" मेकॅनिकलवाली म्हणाली, "दिल्ली." आणि मग दोघी हसत असतानाच माझ्या डोक्यात आलं, काठमांडू!

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि जमिनीवरून सीमा ओलांडायची तर मतदार ओळखपत्र पुरतं. (आधार कार्ड चालत नाही, हे लक्षात ठेवा. कॉलेजचं आयकार्ड तर त्याहून चालत नाही.) घरी नेहमीचा तमाशा झाला. बाबांचं म्हणणं, सप्टेंबर २०२५ मध्ये तिथं एवढं मोठं आंदोलन झालं, संसद भवन जळालं, सिंहदरबार जळाला, सरकार पडलं, आणि तुम्ही आता तिथं फिरायला जाणार? मी म्हटलं, बाबा, आंदोलन आमच्याच वयाच्या मुलांनी केलं होतं. हे ऐकून ते जास्तच घाबरले. शेवटी आजीनं निकाल दिला. आजी दर श्रावणात नवनाथांची पोथी वाचते. ती म्हणाली, "जाऊ दे रे तिला. मच्छिंद्रनाथाला माझा नमस्कार सांगेल."

पुण्याहून गोरखपूर, स्लीपर क्लास, दीड दिवस. तिथून बसनं सोनौली. सोनौलीला एका कमानीखालून चालत पलीकडे गेलं की झालं फॉरेन! विमान नाही, ड्यूटी फ्री नाही, काही नाही. फक्त घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं आणि शंभराच्या नोटेचे एकशेसाठ नेपाळी रुपये मोजून घ्यायचे. पुढे रात्रभर घाटातली बस. तिच्याबद्दल मी एवढंच म्हणेन की खिडकीची जागा मागू नका.

आता मुख्य गोष्टीकडे येण्याआधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. मराठी हा आमच्याकडे 'थर्ड लँग्वेज' होता आणि त्यात मी कसेबसे मार्क काढायचे. आजही मराठी पेपर वाचताना बोट ठेवून वाचते. (हा लेख वाचून माझ्या मराठीच्या बाईंना घेरी येईल. संपादकांनी ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्यावं.) आणि अशी मी एका परक्या देशाच्या राजधानीत पहाटे उतरले, तर सगळीकडे देवनागरी! दुकानाची पाटी, बसचा नंबर, भिंतीवरच्या घोषणा, सगळं. 'पसल' म्हणजे दुकान, 'खाजा घर' म्हणजे नाश्त्याचं ठिकाण, 'बाटो' म्हणजे आपली वाटच. 'यहाँ फोहोर नफाल्नुहोस्' हे मी तीनदा वाचलं, मग खालचा कचऱ्याचा ढीग बघून अर्थ लागला. वर्तमानपत्रावर साल होतं २०८२, कारण तिथं विक्रम संवत चालतो. तीन दिवसांत माझा वाचायचा स्पीड दुप्पट झाला, जो शाळेच्या दहा वर्षांत झाला नव्हता. आकडे मात्र तिथंही दगा देतात. बाई 'पचहत्तर' म्हणाली आणि मी पन्नास दिले. मराठीतले पंचाहत्तरसुद्धा मला एकदम कळत नाहीत, तिचा काय दोष!

राहिलो झोछेंमध्ये. एके काळी जगभरचे हिप्पी इथं यायचे, म्हणून या गल्लीचं दुसरं नाव फ्रीक स्ट्रीट. आता हिप्पी गेले, स्वस्त खोल्या राहिल्या. एका खोलीत तिघी, गरम पाणी 'दिदी, सोलर छ' म्हणजे ऊन आलं तर. जेवणाचा प्रश्न दालभातनं सोडवला. ताट एकदा घ्यायचं, मग डाळ, भात, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, वेगळे पैसे नाहीत. तिसऱ्यांदा भात घेतला तरी वाढणाऱ्याच्या कपाळावर आठी नाही. आमच्या मेसच्या काकांना हा भाग मी मुद्दाम वाचून दाखवणार आहे. फिरायला चालत, नाहीतर सफा टेम्पो. ही तीनचाकी गाडी बॅटरीवर चालते आणि १९९० च्या दशकापासून काठमांडूत धावते आहे. आपण इलेक्ट्रिक व्हेइकलवर सेमिनार देतो तेव्हा सगळी उदाहरणं अमेरिकेतली घेतो. इथं आमच्या टेम्पोची ड्रायव्हर एक ताई होती आणि तिला आमच्या सेमिनारशी काही घेणं नव्हतं.

हे सगळं ठीक. पण मला जे सांगायचं आहे ते पहिल्या दिवशी दुपारी घडलं.

झोछेंच्या टोकालाच जुन्या राजवाड्याचा चौक आहे, हनुमान ढोका, वसंतपूर. तिथं परदेशी माणसाला तिकीट आहे. सार्क देशांच्या नागरिकांना कमी, बाकीच्यांना जास्त. आपण ताजमहालला करतो तसंच. कमी म्हणजे तिघींचं मिळून एक दिवसाचं जेवण. मेकॅनिकलवालीनं लगेच सुचवलं की बाजूच्या गल्लीतून जाऊ. आपण नेपाळी मुलींसारख्याच दिसतो, ओढण्या सारख्या करा, कॅमेरे आत, घाईत चाला. आम्ही तसं केलं. कुणी हटकलं नाही. आत आल्यावर लेक्चर बंक केल्यासारखा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चालून पाय दुखत होते म्हणून समोर एक मोठा लाकडी मंडप होता, त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिथं माणसं नुसती बसली होती. म्हातारे ऊन खात होते, एक भाजीवाली टोपली टेकवून पाय चोळत होती, दोन पोरं अभ्यास करत होती. आम्हाला कुणी विचारलं नाही, काय घेणार?

तो मंडप म्हणजे काष्ठमंडप. या शहराला काठमांडू हे नाव ज्याच्यावरून पडलं तो! मला वाटलं होतं राजवाडा असेल, देऊळ असेल. नाही. ते एक सत्तल आहे, म्हणजे वाटसरूंसाठीची धर्मशाळा. ल्हासा आणि हिंदुस्थान यांच्यामधल्या वाटेवरचे व्यापारी, साधू, जोगी इथं अंग टाकायचे. आत मधोमध गोरखनाथ. हो, आपलेच, मच्छिंद्रनाथांचे शिष्य, ज्यांच्या परंपरेतून गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि पुढे ज्ञानेश्वर आले. एकाच सालवृक्षाच्या लाकडातून हा मंडप उभा राहिला अशी कथा आहे. जगातल्या कुठल्या राजधानीनं आपलं नाव राजावरून घेतलं, कुठल्या नदीवरून. हिनं घेतलं ते बिनपैशाच्या प्रवाशाला टेकायला दिलेल्या जागेवरून. बजेट ट्रॅव्हल, बजेट ट्रॅव्हल म्हणून आपण जे आज नाचतो, त्याची सोय या लोकांनी हजार वर्षांपूर्वी करून ठेवली होती.

आणि हा मंडप नवा आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो पूर्ण कोसळला. त्या दिवशी शनिवार होता, तिकडचा सुट्टीचा वार, आणि मंडपात रक्तदान शिबिर चालू होतं. रक्त द्यायला आलेली माणसं खाली दबून गेली. नंतर पुरातत्त्वाच्या लोकांनी खणून पाहिलं तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पाया मानला होता त्याहून शेकडो वर्षं जुना, सातव्या शतकाच्या सुमाराचा, आणि भूकंपानंतरही शाबूत. पण वरच्या चार मुख्य खांबांपैकी एक खांब आपल्या दगडी बैठकीत बसलेलाच नव्हता. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत वरून फरशी झाली आणि तो तसाच राहून गेला. रूममेट हे वाचून दोन मिनिटं गप्प होती. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, लाकडी चौकटीत एका खांबाचा पाय सुटा असला तर काय होतं. जुन्यांनी नीट बांधलं होतं, चूक नंतरच्या 'रिपेअर'ची निघाली.

पुन्हा बांधताना वाद झाले. ठेकेदाराकडून, सिमेंट-लोखंड घालून उरकण्याला तिथल्या लोकांनी विरोध केला. शेवटी स्थानिकांची समिती झाली आणि लाकूड, वीट, माती वापरून जुन्या पद्धतीनं २०२२ पर्यंत मंडप पुन्हा उभा राहिला. आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते. "नानी, कहाँबाट?" त्यांनी विचारलं. आम्ही महाराष्ट्र म्हटल्यावर "मुम्बई!" म्हणून खूष झाले आणि हिंदीत सांगायला लागले, हा खांब बघा, हा जोड बघा, खिळा नाही. मग म्हणाले, "ये हम लोगोंने बनाया है." हम लोगोंने यावर जोर.

मी रूममेटकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. आम्ही ज्यात फुकट बसलो होतो ते या माणसांनी आपल्या हातांनी पुन्हा उभं केलं होतं, आणि आम्ही गल्लीतून शिरलो होतो. बसायला ते पैसे मागतच नव्हते. पाहुण्यांकडून एक तिकीट मागत होते, तेवढं आम्ही चुकवलं. उठून परत काउंटरवर गेलो आणि तिकिटं काढली. काउंटरवाल्याला कळेना की आतून बाहेर येऊन तिकीट का काढतायत. मेकॅनिकलवाली चिडली, संध्याकाळचे मोमो बुडाले म्हणून. तिचा मुद्दा मी इथं प्रामाणिकपणे मांडते: सगळेच चुकवतात, आपण तिघींनी भरून काय फरक पडणार, आणि पैसे नक्की दुरुस्तीलाच जातात कशावरून? त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. भक्तपूरची नगरपालिका तिकिटाच्या पैशांतून देवळं आणि धर्मशाळा दुरुस्त करते, एवढं मात्र खरं आहे. पण मला असं वाटतं की कमी पैशात राहणं आणि दुसऱ्याच्या पैशात राहणं या दोन गोष्टी आपण विद्यार्थी फार सोयीनं एक करून टाकतो. 'स्टुडंट आहे, जाऊ द्या ना काका' हे आपलं राष्ट्रीय वाक्य आहे. खोली स्वस्त घ्या, दोन वेळा दालभातच खा, दहा किलोमीटर चाला, त्याला बजेट म्हणतात. गल्लीतून शिरणं वेगळं.

त्या दिवसानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. कोपऱ्याकोपऱ्यावर छोटे ओटे, वर छप्पर, मागे भिंत, पुढे लाकडी खांब. नेपाळीत त्याला पाटी म्हणतात, नेवारीत फल्चा. कुणीतरी बांधायचं आणि त्याच्या दुरुस्तीसाठी जमीन लावून द्यायची, त्या व्यवस्थेला गुठी म्हणतात. जमिनीच्या उत्पन्नातून छप्पर शाकारायचं. पाटणच्या चौकात १६३७ सालचं दगडी कृष्णमंदिर आहे, ज्यावर रामायण-महाभारत कोरलंय. फोटो सगळे त्याचेच काढतात. पण त्याच चौकात जमिनीच्या खाली पायऱ्या उतरून गेलं की मंगा हिटी लागते, सहाव्या शतकातली. तीन दगडी धारा, आणि पाणी चालू! बायका कॅन भरत होत्या. लांबून कालव्यानं आणलेलं, वाळू-खडीतून झिरपलेलं पाणी चौदाशे वर्षं येतंय. होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तिथं आपण पंपाचा हॉर्सपॉवर वाढवतो.

सगळं छान आहे असं नाही. हिवाळ्यात धूळ एवढी की नाक काळं होतं. बऱ्याच फल्च्यांत आता मोबाइलचं दुकान आहे. थामेलमध्ये बसायचं तर आधी कॉफी घ्यावी लागते आणि ती कॉफी आमच्या खोलीच्या भाड्याशी स्पर्धा करते. आजीचा नमस्कार जनबहालच्या पांढऱ्या मच्छिंद्रनाथाला पोचवला. तिथं त्याला बौद्ध लोक करुणामय म्हणून पुजतात, हे आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाथाला काय, कुठल्याही घरी चालतं." जाऊन येऊन, सगळं धरून, डोईजड नाही, साडेआठ हजार.

आता हा लेख मी मराठी विभागात का लिहितेय, तर शिपाईकाका, मेसचे काका, ऑफिसमधले सगळे हाच भाग वाचतात. आपल्या गेटबाहेर वडाखाली एक कट्टा होता. सीनियर्सच्या चार पिढ्या त्यावर बसल्या. गेल्या वर्षी तो तोडला, पोरं टवाळक्या करतात म्हणून. (करत होतो, मान्य आहे.) पण जुलैत अ‍ॅडमिशनच्या वेळी नांदेड, जळगावहून रात्रभर एसटीनं आलेले आईवडील पावसात गेटबाहेर पिशव्या डोक्यावर धरून उभे होते, ते मी होस्टेलच्या खिडकीतून बघितलं. आत घेत नाहीत, कारण पास नाही. समोर हॉटेल आहे, पण तिथं चहा घेतला तरच बसता येतं, आणि चार तासांत माणूस किती चहा पिणार? माझे आईबाबा तीन वर्षांपूर्वी त्याच कट्ट्यावर बसले होते.

रूममेटनं ड्रॉइंग काढलंय. बारा फूट बाय सहा, ओटा दीड फूट, सहा खांब, मागे भिंत, वर कौलं, बाजूला पिण्याच्या पाण्याचा एक नळ. वर्कशॉपमध्ये पडलेलं सागवान वापरायला मिळालं तर खर्च फार नाही. एस्टिमेट प्राचार्यांच्या ऑफिसात देऊन तीन आठवडे झाले. वर्गणीसाठी डबा होस्टेलच्या ऑफिसशेजारी ठेवलाय, त्यात मेकॅनिकलवालीनं पहिले दोनशे टाकलेत, मोमोचे म्हणून. आणि रूममेटनं ड्रॉइंगवर खाली लाल पेननं लिहिलंय: सहाही खांब बैठकीत बसल्याची तपासणी झाल्याशिवाय फरशी घालू नये.